गाडी पुन्हा पुन्हा तापते : हेडचा मोठा खर्च करावा की गाडी सोडावी?

कूलंट भरलं, थर्मोस्टॅट (कूलंटची वाट तापमानानुसार उघडणारी झडप) बदलला, रेडिएटर धुऊन झाला, तरी पंधरा दिवसांत तापमानाचा काटा पुन्हा लाल पट्ट्याकडे. मग गॅरेजमधून निरोप येतो : "हेडचं पॅकिंग गेलंय, इंजिन उघडावं लागेल." हेड म्हणजे सिलिंडरांवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग, आणि पॅकिंग म्हणजे हेड व खालचा ब्लॉक यांच्यामधला गळती रोखणारा पातळ थर (गॅस्केट). खर्चाचा आकडा ऐकला की पहिला विचार येतो, एवढ्या जुन्या गाडीत एवढे पैसे घालायचे का? विचार योग्यच आहे, पण त्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा. पॅकिंग खरंच गेलंय का? आणि गेलं असेल तर कशामुळे? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर न शोधता हेड बसवलं, तर काही महिन्यांत तेच हेड पुन्हा उतरवावं लागतं आणि मजुरी दुसऱ्यांदा भरावी लागते.

तोवर गाडी चालवू नका

बहुतेक गाड्यांचं हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि बऱ्याच इंजिनांत खालचा ब्लॉक बिडाचा. ॲल्युमिनियम उष्णतेने बिडाच्या जवळपास दुप्पट पसरतं. हेड बोल्टांनी जखडलेलं असल्यामुळे त्याला पसरायला जागा मिळत नाही, आणि ते मधून फुगतं किंवा वाकतं. दर वेळी काटा लाल पट्ट्यात गेला की हे वाकणं वाढत जातं. आज नुसतं पॅकिंग बदलून भागणारं काम आणखी दोन फेऱ्यांनंतर हेडच्या चिरेवर जातं. पिस्टनभोवतीच्या रिंगांचा ताण गेला, की मग सगळं इंजिनच खाली उतरवावं लागतं. "अजून आठवडाभर बघू" म्हणत चालवलेली गाडी सगळ्यात महाग पडते.

वाटेत काटा चढलाच तर एसी बंद करा, हीटर सगळ्यात गरमवर आणि ब्लोअर पूर्ण जोरात लावा, सुरक्षित जागा मिळताच थांबून इंजिन बंद करा. रेडिएटरचा वरचा होज पाइप हातात सहज धरता येईल इतका निवेपर्यंत झाकणाला हात लावू नका. दाबाखालचं कूलंट १०० अंशांच्या वर असतं. झाकण सैल होताच ते उकळून अंगावर उडतं. तापलेल्या इंजिनात थंड पाणीही ओतू नका, हेडला चीर जाण्याचं ते एक हमखास कारण आहे. आणि लाल पट्ट्यात गेलेला काटा अचानक खाली आला तर सुटकेचा निःश्वास सोडू नका. पुष्कळदा त्याचा अर्थ असा, की सेन्सरभोवती कूलंट उरलेलंच नाही.

कधी तापते, त्यावरून अर्धं निदान होतं

सिग्नलला, गर्दीत, एसी चालू असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो : इथे संशय हवेवर. फॅन, त्याचा रिले, फ्यूज, किंवा एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत बसलेली माती. फॅन फिरतोय एवढ्यावर समाधान मानू नका. ब्रश झिजलेली मोटर फिरते, पण हवा ओढत नाही. अशा गाडीचं हेड उघडण्याची घाई कुणी केली तर थांबवा.

वेगात किंवा चढावर तापते, गर्दीत ठीक राहते : मग पाणी पुरेसं फिरत नाही. रेडिएटर आतून चोक, थर्मोस्टॅट अर्धाच उघडणारा, वॉटर पंपाचा पंखा झिजलेला किंवा शाफ्टवर सैल झालेला. काही गाड्यांत हा पंखा प्लास्टिकचा असतो. बाहेरून पंप ठणठणीत दिसतो आणि आत शाफ्ट नुसताच फिरतो. काटा वर आणि हीटरमधून मात्र थंड हवा येत असेल, तर कूलंट कमी आहे, हवा अडकली आहे किंवा पंप ढकलत नाही.

थर्मोस्टॅट घरीही तपासता येतो. पातेल्यात पाणी घेऊन तो दोऱ्याने टांगा, तळाला टेकू देऊ नका, सोबत थर्मामीटर ठेवा. त्याच्यावर कोरलेल्या तापमानाला, म्हणजे साधारण ८२ ते ८८ अंशांना, तो उघडू लागला पाहिजे आणि पुढच्या दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. रेडिएटरसाठी इंजिन गरम असताना जाळीवरून इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवा. मध्येच एखादा पट्टा थंड लागला, तर तेवढ्या नळ्या बंद आहेत.

आणि रेडिएटरचं झाकण. सगळ्यात स्वस्त भाग, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. बहुतेक झाकणं १ बारच्या आसपास दाब धरतात. त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही, आणि निम्मं-निम्मं कूलंट मिश्रण त्याहूनही पुढे जातं. झाकणाची स्प्रिंग ढिली पडली किंवा रबर चिरलं की दाब टिकत नाही, कूलंट लवकर उकळतं आणि कूलंटच्या बाटलीतून बाहेर येतं. लक्षण हुबेहूब पॅकिंग गेल्यासारखं. म्हणून इतर काहीही करण्याआधी त्याच दाबाचं नवं झाकण लावून बघा.

पॅकिंग गेलंय हे सिद्ध कसं करायचं

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली की लगेच निकाल देऊ नका. छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानेही झाकणाला साय धरते. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल, तर मात्र प्रकरण खरं. तसंच थंड सकाळी सायलेन्सरमधून निघणारी पांढरी वाफ काही मिनिटांत थांबते; इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही दाट, गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला तर कूलंट सिलिंडरमध्ये जातंय.

पहिली चाचणी फुकट आहे. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी कूलंटची पातळी पाहून बाटलीवर खूण करा. इंजिन सुरू करून पहिल्याच मिनिटाला वरचा होज पाइप दाबून बघा. इंजिन अजून गार आहे, त्यामुळे पाइप मऊ लागला पाहिजे. तो तेव्हाच टणक फुगला, तर हा दाब उष्णतेचा नाही, सिलिंडरमधल्या गॅसचा आहे. थंड इंजिनावर झाकण काढून चालू केलं आणि थर्मोस्टॅट उघडल्यानंतर दहा मिनिटं झाली तरी बुडबुड्यांची बारीक, न थांबणारी माळ येत राहिली, तर तेही तेच सांगतं. सुरुवातीचे चार मोठे बुडबुडे अडकलेल्या हवेचे असू शकतात, ते थांबतात. झाकण उघडून बघत असाल तर कूलंट उकळायच्या आत इंजिन बंद करा.

दुसरी, ब्लॉक टेस्ट. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी बसवून आतली हवा त्यातून ओढतात. ज्वलनाचा गॅस असेल तर पेट्रोल गाडीत द्रव पिवळा होतो, डिझेलमध्ये हिरवट. आधी कूलंटची पातळी थोडी खाली घ्यावी लागते, कारण कूलंटच नळीत शिरलं तर चाचणी वाया जाते. डिझेल इंजिन नुसतं आयडलवर असताना गॅस कमी सापडतो, म्हणून त्याला थोडा रेस देऊन, जास्त वेळ बघावं.

तिसरी, प्रेशर टेस्ट. गार इंजिनात झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा पंपाने भरा आणि पंधरा-वीस मिनिटं काटा बघा. दाब उतरतोय आणि बाहेर कुठेच थेंब नाही? मग पुढच्या सीटसमोरचं, पायांखालचं मॅट उचलून बघा. तिथे ओल असेल तर हीटरची कोर (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) गळतेय. नसेल तर दाब तसाच ठेवून स्पार्क प्लग काढा आणि स्टार्टर मारा. ज्या भोकातून फवारा उडेल तो सिलिंडर. चेहरा दूर ठेवा. डिझेल गाडीत इथे आणखी एक संशयित असतो : ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत सोडला जाणारा धूर कूलंटने थंड करणारा भाग. तो आतून फुटला तरी कूलंट गायब होतं आणि पांढरा धूर येतो. केवळ धूर बघून हेड उतरवलेल्या डिझेल गाड्यांत ही चूक नेहमी होते, म्हणून हेडला हात लावण्याआधी कूलर बायपास करून बघायला सांगा.

शेवटी कम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १३ बार, डिझेलमध्ये २० ते ३०. नेमका आकडा इंजिनाच्या मॅन्युअलमधला धरा. त्याहून महत्त्वाचा आहे सिलिंडरांमधला फरक. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच खाली असतील तर त्यांच्यामधल्या पट्टीत पॅकिंग फुटलंय. सगळेच खाली असतील तर रिंगा आणि वॉल्व्ह थकलेत, आणि हे कळणं खर्चाच्या निर्णयासाठी फार मोलाचं आहे. लीकडाउन टेस्ट करता आली तर उत्तमच : सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून निसटते ते ऐकायचं. ऑइलच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर पॅकिंग किंवा चीर. गळती १० टक्क्यांच्या आत असेल तर इंजिनात जीव आहे. २० टक्क्यांच्या पुढे रिंगांतून जात असेल, तर अशा ब्लॉकवर नवं हेड बसवणं म्हणजे जुन्या भिंतीवर नवा मजला चढवणं.

या चार चाचण्यांना मिळून अर्धा दिवस पुरतो. चाचणी न करता, नुसतं झाकण उघडून "पॅकिंगच आहे" म्हणणाऱ्याकडून हेड उघडवू नका.

हेड उतरल्यावर : निर्णयाचा दुसरा थांबा

काम दोन टप्प्यांत ठरवा. पहिला टप्पा फक्त हेड उतरवून मोजमाप करण्याचा, त्याची मजुरी वेगळी आणि आधी ठरलेली. मोजमाप झाल्यावर फोन, फोटो, आणि तुमच्या होकाराशिवाय पुढे काहीही नाही. बहुतेक लोकांचे पैसे याच जागी हाताबाहेर जातात, कारण हेड टेबलावर पडलेलं असतं आणि "आता नाही कसं म्हणायचं" असं वाटतं.

मोजायचं काय? हेड स्वच्छ करून त्यावर अचूक सरळपट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवतात आणि खाली फीलर गेजची (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांच्या मापाची) पात सरकवून बघतात. ०.०५ मिमीची पात अडली पाहिजे. ती सहज आरपार गेली तर फेसिंग, म्हणजे मशीनवर घासून पृष्ठभाग सपाट करणं, लागणार. काही इंजिनांना ०.१ मिमीपर्यंत सूट असते, ते मॅन्युअल सांगेल. मग तीच पट्टी ब्लॉकवरही ठेवायला लावा. हे बहुतेक जागी राहून जातं. हेड आरशासारखं सपाट केलं आणि ब्लॉक वाकडाच राहिला, तर पॅकिंग पुन्हा जाणारच.

फेसिंगला मर्यादा असते. प्रत्येक हेडची किमान उंची ठरलेली असते. आधी एकदा फेस झालेलं हेड पुन्हा घासलं तर कम्प्रेशन वाढतं, वॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात, आणि काही हेडना कंपनीने फेसिंगच नाकारलेलं असतं. डिझेलमध्ये पॅकिंग वेगवेगळ्या जाडीचं मिळतं आणि पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून जाडी निवडतात. जुन्या पॅकिंगच्या कडेवरची भोकं किंवा खाचा मोजून मगच नवं मागवावं. फेसिंगआधी हेडची प्रेशर टेस्ट झालीच पाहिजे. दोन वॉल्व्हमधली केसासारखी चीर डोळ्यांना दिसत नाही, आणि चिरलेलं हेड फेस करून बसवलं तर सगळाच खर्च पाण्यात.

इस्टिमेटमध्ये या गोष्टी लेखी आहेत का बघा : संपूर्ण पॅकिंग सेट, नवे हेड बोल्ट, हेडची प्रेशर टेस्ट आणि फेसिंग, वॉल्व्ह सील, थर्मोस्टॅट, कूलंट, ऑइल आणि फिल्टर. टायमिंग बेल्ट असेल तर बेल्ट, टेन्शनर आणि बेल्टवर चालणारा वॉटर पंपही आत्ताच, कारण तिथपर्यंत पोचायची मजुरी तुम्ही भरतच आहात. बोल्टांवर काटकसर नको. आधी ठरावीक टॉर्क (आवळण्याचा जोर) आणि मग ९० अंश, पुन्हा ९० अंश अशा कोनात आवळायचे बोल्ट ताणले जाण्यासाठीच बनवलेले असतात. एकदा ताणला गेलेला बोल्ट दुसऱ्यांदा तेवढी पकड देत नाही. ब्लॉकचा पृष्ठभाग ग्राइंडरच्या खरखरीत चकतीने साफ करू देऊ नका : चकतीचे कण ऑइलच्या वाटेने बेअरिंगमध्ये जातात. बोल्टांच्या भोकांत ऑइल किंवा पाणी साचलेलं असेल तर टॉर्क खोटा दाखवतो, ब्लॉकला चीरही जाते. भोकं कोरडी करूनच बोल्ट घालावेत.

आणि एक ओळ अशी हवीच : तापण्याचं मूळ कारण काय सापडलं आणि त्यावर काय केलं. ही ओळ कोरी असेल तर इस्टिमेट अपुरं आहे.

आता हिशोब

"दुरुस्ती गाडीच्या निम्म्या किमतीहून जास्त असेल तर गाडी विका" हा नियम सर्रास सांगितला जातो. आमच्या मते तो अपुरा आहे, कारण गाडी विकल्यावर तुम्ही पायी फिरणार नसता. दुसरी गाडी घेणार असता, आणि तिचाही खर्च असतो. तुलना या दोन खर्चांची करा.

आकडे समजायला तुमची गाडी चालू स्थितीत १०० ला जाईल असं धरू. दोष सांगून, आहे तशी विकली तर ५५. दुरुस्ती ४०. येत्या वर्षात टायर, क्लच वगैरे १५. वर्षाने ती ८५ ला जाईल. म्हणजे ठेवण्याचा वर्षाचा खर्च : आज सोडलेले ५५, अधिक ४०, अधिक १५, वजा ८५, बरोबर २५.

दुसरी वापरलेली गाडी १६० ला मिळते. कागदपत्रं, विमा आणि हातात आल्यावरची पहिली सर्व्हिस मिळून १५. वर्षाने तिची किंमत १३५. खर्च : १६० अधिक १५ वजा १३५, बरोबर ४०. इथे जुनी गाडी ठेवणं १५ ने स्वस्त. याचा दुसरा अर्थ असा, की दुरुस्ती ४० वरून ५५ पर्यंत गेली तरी बरोबरी होते. ५५ ही तुमची कमाल मर्यादा. हेड उघडण्याआधी हाच आकडा गॅरेजला सांगा : "याच्या वर जातंय असं दिसलं की तिथेच थांबा." ब्लॉकला चीर निघून खर्च ८० वर गेला तर ठेवण्याचा खर्च ६५ होतो, आणि गाडी सोडणं शहाणपणाचं ठरतं. आतापर्यंत थर्मोस्टॅट, रेडिएटर, कूलंट यांवर गेलेले पैसे या हिशोबात कुठेच येत नाहीत. ते दोन्ही वाटांवर सारखेच गेलेले आहेत.

स्वतःचे आकडे घालताना दोन चुका टाळा. एक, चालू गाडीची किंमत मनातली धरू नका. त्याच वर्षाच्या, त्याच मॉडेलच्या गाड्या प्रत्यक्ष कितीला विकल्या जातात ते बघा. दुरुस्तीला लागलेली रक्कम गाडीच्या किमतीत तेवढीच भरून येत नाही. दोन, "येत्या वर्षात" हा आकडा अंदाजाने लिहू नका. गाडी लिफ्टवर घेऊन क्लच, गिअरबॉक्सचा आवाज, सस्पेन्शनची बुशं, ब्रेक पाइप, टायर असं सगळं एकदा बघून घ्या. दुरुस्तीनंतर तीन महिन्यांत गिअरबॉक्स उतरला तर वरचा हिशोब कोसळतो.

काही बाबतींत हिशोबाचीही गरज नाही. दारांखालच्या कडेच्या पेटीत, सबफ्रेमच्या (इंजिन-सस्पेन्शन धरणाऱ्या चौकटीच्या) जोडावर किंवा पुढच्या स्ट्रटच्या (सस्पेन्शनच्या उभ्या दांड्याच्या) बैठकीत गंज इतका, की स्क्रूड्रायव्हर टेकवल्यावर आत जातो : तिथे इंजिनावर पैसे घालू नका, अपघातात ती गाडी तुम्हाला वाचवणार नाही. ऑइलमध्ये कूलंट मिसळलेल्या अवस्थेत बराच वेळ चाललेलं इंजिन, ज्याचा आता खालून ठक ठक आवाज येतो : त्याची बेअरिंग गेली आहेत, नुसतं हेड करून काही होणार नाही.

वापरलेलं दुसरं इंजिन बसवणं हा मधला मार्ग. तो बरा असू शकतो, पण आधी त्याची कम्प्रेशन टेस्ट, ऑइलच्या झाकणाखालची अवस्था आणि लेखी वॉरंटी मिळते का ते बघा. गाडीच्या कागदांवर इंजिन नंबर असेल तर तो बदलून घेण्याचं कामही धरा. आणि जुनाच रेडिएटर नव्या इंजिनाला जोडू नका. पहिल्या इंजिनाच्या मरणाचं कारण त्याच्यातच असू शकतं.

गळती बंद करणारी बाटली? गाडी चालवायची असेल तर नको. तो पदार्थ हीटरच्या कोरमध्ये आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि पुढची खरी दुरुस्ती अवघड करतो. असली बाटली ओतून, दोष लपवून गाडी विकणं तर सरळ फसवणूक आहे. पुढचा माणूस कुटुंब घेऊन हमरस्त्यावर अडकतो. दोष सांगून विका, चाचणीचे आकडे सोबत द्या. दोष नेमका काय आहे हे कळलं तर घेणारा सगळ्यात वाईट शक्यता धरून भाव पाडत नाही.

दुरुस्ती केलीत तर पहिले १००० किमी

कूलंट मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रकारचंच, डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. हवा काढण्याचा स्क्रू असेल तर तो सैल करून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून भरा; हेडमध्ये अडकलेला हवेचा एक फुगा नवं पॅकिंग पहिल्याच दिवशी धोक्यात आणतो. फॅन दोन वेळा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा, गार झाल्यावर पातळी पुन्हा बघा. मग आठवडाभर रोज सकाळी, त्याच सपाट जागी, गार इंजिनावर बाटलीवरची खूण पाहून किलोमीटरसह लिहून ठेवा. पहिल्या दोन दिवसांत पातळी किंचित उतरणं ठीक आहे, अडकलेली हवा बाहेर पडत असते. तिसऱ्या दिवसानंतरही उतरत असेल तर काटा चढण्याची वाट न बघता, वॉरंटीच्या मुदतीत, ती वही घेऊन गॅरेजमध्ये जा आणि समोर उभं राहून ब्लॉक टेस्ट करून घ्या. काढलेलं जुनं कूलंट उघड्यावर ओतू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात.